मीटरबाईंचा डूख

पाणीखात्यात मी नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी मला मीटरबाईंच्या हवाली केलं. "महिनाभर यांच्या मागे फिर. बारा गावचं पाणी प्यायलेल्या आहेत," असं म्हणून साहेब आपल्याच विनोदावर हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या बूट घालून ये. झाकण पायावर पडलं की मग रजा मागत बसशील."

मीटर वाचणारे आम्ही नऊ जण होतो, पण 'मीटरबाई' म्हटलं की त्याच. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, हाडापेरानं मजबूत. खांद्यावर थैली आणि हातात झाकण उचलायचा लोखंडी आकडा. शहराच्या कडेला उतारावर जी वसाहत पसरली आहे, तिच्या अकरा गल्ल्या त्यांच्याकडे होत्या. दारापुढच्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, मीटरची काच पुसायची, आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं, एवढंच काम. पण बाई त्या आकड्यातून माणसं वाचायच्या. "या घरात बाळ आलंय, धुणं वाढलंय बघ." "हे नवराबायको वेगळे झाले वाटतं, पाणी निम्म्यावर आलंय." आणि एखाद्या दारातून निघताना "इथं पाणी मुरतंय" असं म्हणाल्या, तर ते नळाबद्दल आहे की माणसांबद्दल, हे कळायला मला सहा महिने लागले.

त्यामुळे त्या भागात घर घ्यायला निघालेली माणसं दलालाकडून सुटली की बाईंना गाठायची. पोटुशी बायको आणि घाबरलेला नवरा, कडेवर एक आणि बोटाला एक अशी आई, सगळे भर रस्त्यात थांबवून विचारायचे. बाई सांगायच्या, "संध्याकाळी पाचला या आणि गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहा. मुलं बाहेर खेळताना दिसतात का बघा. दोरीवर लहान कपडे किती वाळतायत बघा. चेंडू कुणाच्या अंगणात गेला तर चेंडू परत येतो की शिव्या येतात, तेही बघा. भिंतीचा रंग काय, पैसे टाकले की कुणीही देतो."

सहाव्या गल्लीत उतारावरचं सगळं पाणी गोळा होऊन गटार उलटं येतं. नवव्या गल्लीतून ट्रकवाल्यांनी जवळची वाट काढली आहे. दुसऱ्या गल्लीत सकाळी आठनंतर वरच्या मजल्यावर नळाला धार येत नाही, नुसता सुस्कारा येतो. हे सगळं त्यांना पाठ. त्यांची लाडकी होती ती चौथी गल्ली. पुढे वाट बंद, त्यामुळे भरधाव गाडी शिरायचं कारणच नाही. टोकाला शाळेचं मागचं फाटक. मूल घरातून निघालं की पाच मिनिटांत वर्गात, एकही मोठा रस्ता ओलांडायला नको.

"मग तुम्हीच का नाही घेत तिथं घर?" मी एकदा डबा खाताना विचारलं.

"घेईन की," बाई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

त्यांना कशाचीच घाई नव्हती. ते मला पुढं कळलं. शाळेच्या मागच्या कठड्यावर बसून, हातातल्या आकड्यानं बुटाच्या तळाची माती खरवडत त्यांनी एके दुपारी सगळं सांगितलं. आवाज कुठं चढला नाही की भरून आला नाही. मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलं.

त्यांचे यजमान मालगाडीवर चालक होते. धाकटा दीर कचेरीत कारकून. कागदपत्रं त्याला कळतात म्हणून सासऱ्यांनी राहतं घर त्याच्या एकट्याच्या नावावर केलं, थोरल्यानं मान डोलावली. एकाच घरात दोन संसार होते. मग थोरल्याला काविळीनं गाठलं आणि तीन आठवड्यांत खेळ संपला. तेव्हा बाईंची मुलगी आठ वर्षांची होती, मुलगा पाच. महिना लोटतो न लोटतो तोच जाऊ त्यांच्या शेजारी येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ताई, तुमच्याच मुलांच्या भल्याचं बोलते हो. इथं दोन संसारांची दाटी. वाढत्या मुलांना मोकळी जागा हवी."

ती मोकळी जागा दिरानं शोधून दिली. हमरस्त्याच्या चौकात, टायरच्या दुकानावर, एक खोली. खिडकी उघडली की रबराचा वास आणि बंद केली की भट्टी. मुलाला खोकला लागला तो चार वर्षं हटला नाही. मुलगी दहा वर्षांची असताना दूध आणायला रस्ता ओलांडत होती आणि मोटरसायकलनं तिला उडवलं. गुडघा फुटला. दोनदा शस्त्रक्रिया करूनही उजवा पाय आखूड राहिला.

"चौथ्या दिवशी जाऊ दवाखान्यात आली," बाई म्हणाल्या. "फळं घेऊन आली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि नर्सला सांगते कशी, आईनं शिकवायला नको का, रस्ता कसा ओलांडायचा ते?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मी फळं कापली. पहिली फोड तिलाच दिली."

त्या दिवशी बाईंनी डूख धरला. माणसं रागावतात, भांडतात, चार वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात रडून मोकळी होतात. बाईंनी तसलं काही केलं नाही. जावेच्या घरच्या प्रत्येक कार्याला त्या गेल्या. पंगती वाढल्या, भांडी घासली, पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांच्या चपला राखल्या. "वाईट बोललं की वाफ निघून जाते, पोरी," त्या मला म्हणाल्या. "मी झाकण घट्ट ठेवलं."

अशी वीस वर्षं गेली. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला गेला. टायरच्या दुकानावरची खोली सुटली, पण चौक सुटला नाही. त्याच चौकात पलीकडच्या इमारतीत बाई आणि त्यांची लेक भाड्यानं राहत होत्या.

मी नोकरीला लागले त्याच्या चौथ्या वर्षी जाऊ आमच्या कचेरीच्या फाटकात उभी राहिली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. गोरीगोमटी, बुटकी, बोलायच्या आधी हसणारी. मनात मी तिला राक्षसीण करून ठेवलं होतं. ती निघाली एखाद्या बालवाडीच्या बाईंसारखी.

"ताई, तुमच्याशिवाय कुणाचा आधार आहे आम्हाला?" ती म्हणाली. पुतण्याला जुळ्या मुली होत्या, चार वर्षांच्या. राहतं घर विकून सगळ्यांनी मिळून उपनगरात चांगलंसं घर घ्यायचं ठरत होतं. "मुलींना खेळायला जागा, जवळ शाळा, शेजार चांगला, एवढंच बघायचंय. दलाल काय, तोंडाला येईल ते सांगतात. तुम्हाला इथलं घर न् घर ठाऊक. तुम्ही दाखवाल तेच घेऊ."

"दाखवते की," बाई म्हणाल्या. "माझ्याच नाती आहेत त्या."

ती वळली आणि मी बाईंच्या कानाला लागले. "सहावी गल्ली दाखवा बाई. गटारवाली. चांगलं कोरड्या दिवसांत दाखवा."

बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तेवढीच तुझी अक्कल. वाईट घर दिलं तर चार वर्षांनी ते विकून चांगलं घेतील, आणि वर मलाच बोल लावतील. मी त्यांना उत्तमातलं उत्तम घर दाखवणार. जीव जडला पाहिजे त्या घरावर."

चौथ्या गल्लीत शेवटून दुसरं घर एका निवृत्त नर्सचं होतं. सगळे तिला सिस्टर म्हणत. कानांनी पार अधू झालेली, एकटी म्हातारी. सहा वर्षांपूर्वी तिच्या घरी पाण्याचा आकडा अचानक चौपट झाला होता. खात्यानं हात झटकले, पण बाईंनी तिच्या घरातले सगळे नळ बंद करून मीटरपाशी बैठक मारली. मीटरमधली तांबडी चकती तरीही हळूहळू फिरत होती. मग त्यांनी भिंतीला कान लावत लावत न्हाणीघराच्या लादीखालची गळती शोधून काढली. तेव्हापासून सिस्टर बाईंना मुलीसारखं मानत होती. आता ती तिच्या मुलाकडे परदेशी निघाली होती, आणि घर विकायचं आहे हे तिनं बाईंशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. पेरूचं झाड तोडणार नाही असा माणूस तिला हवा होता.

जाऊ येऊन गेली त्याच आठवड्यात बाईंनी खात्याकडे घरकर्जाचा अर्ज टाकला. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही टाकला नव्हता, म्हणून तो चटकन मंजूर झाला. यजमानांच्या विम्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, तोही आला. सिस्टरशी करार झाला, सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून मीच सही केली. आणि त्यानंतरच्या रविवारी बाईंनी दीर, जाऊ, पुतण्या, सून आणि जुळ्या मुली असं सगळं बिऱ्हाड घर बघायला बोलावलं.

"आज माझे नातेवाईक घर बघायला येणार आहेत," बाईंनी सिस्टरच्या कानाशी ओरडून सांगितलं. सिस्टर खूष झाली. बाईंचं नवं घर बघायला त्यांची माणसं येणार, यात काय चुकीचं? तिनं उशांचे अभ्रे बदलले.

मी त्या दिवशी तिथं होते. पाहुण्यांनी घर बघितलं म्हणण्यापेक्षा घरानं पाहुणे गिळले म्हणावं. जुळ्या मुली थेट पेरूखाली पळाल्या. समोरच्या घरातून आणखी दोन पोरं आली आणि पाच मिनिटांत सात जन्मांची ओळख असल्यासारखी खेळायला लागली. पुतण्यानं शाळेच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. सून खिडकीपाशी नुसती उभी राहिली. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करायची, दिवसभर अंधाऱ्या खोलीत. तिला त्या उजेडाचंच अप्रूप वाटत असणार.

जाऊ वरखाली फिरत होती. "इथं मुलींची खोली. ही खालची आमची. स्वयंपाकघरात हा कट्टा काढून टाकू." सिस्टर खुर्चीत बसून प्रत्येक वाक्याला प्रेमानं मान डोलावत होती. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

दीर हळूच म्हणाला, "वहिनी, किमतीचं सिस्टरांशी मी बोलू का?"

"कशाला भाऊजी? कानांनी अधू आहेत त्या. ते माझ्यावर सोडा. माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

"पण मिळेल ना हो घर? दुसऱ्या कुणी उचललं तर?"

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "काळजी सोडा. हे घर आपल्या घराबाहेर जायचं नाही."

पुढं त्यांना या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा, की सगळ्या प्रकारात आपण एकही खोटा शब्द बोललो नाही.

दिरानं राहतं घर विकायला काढलं. गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं, आणि सहा आठवड्यांत घर रिकामं करून द्यायचं ठरलं. मधूनमधून जाऊ फोन करायची. बाई म्हणायच्या, "सिस्टरांचं सामान बांधणं चाललंय." तेही खरंच होतं. शाळेत नावं घालू का, असं सुनेनं विचारलं. बाई म्हणाल्या, "शाळा चांगली आहे." तेही खरंच. त्या दिवसांत बाईंचा चेहरा उजळला होता. झाकणं अशी उचलायच्या की जणू पुठ्ठ्याची आहेत. मी मात्र एकदा म्हटलं, "बाई, त्या पोरींचं काय? त्यांनी काय घोडं मारलंय?"

"माझ्या पोरीनं काय मारलं होतं?" बाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराला गेल्या.

सिस्टर मुलाकडे परदेशी गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्यापुरतं सामान हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जावेला निरोप धाडला, की घर बघून जा. मी भांडी मांडायला मदतीला आले होते. दीर आणि जाऊ मोजपट्टी घेऊन आली. पडद्यांची मापं घ्यायची होती. बाईंनी दार आतून उघडलं.

"या, बसा. चहा टाकते."

"अगंबाई, ताई, तुम्ही आधीच येऊन साफसफाईला लागलात?" जाऊ कौतुकानं म्हणाली. मग तिला भिंतीवर बाईंच्या यजमानांचा फोटो दिसला. कोपऱ्यात बाईंची थैली आणि आकडा दिसला. मोजपट्टीचं टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं दिराच्या. पट्टी तशीच लोंबत राहिली.

"हे काय?" दीर म्हणाला.

"माझं घर," बाई म्हणाल्या. "तीन महिने झाले करार होऊन. तुम्ही बघायला आलात ना, त्याच्या आधीच."

दिराच्या तोंडाला फेस यायचा बाकी राहिला. विश्वासघात, फसवणूक, कोर्ट, सगळं बोलून झालं. बाईंनी ऐकून घेतलं. "कुठल्या कागदावर मी काय लिहून दिलंय, भाऊजी? कागदपत्रं तुम्हाला कळतात." दीर खुर्चीवर बसला तो उठेना.

जाऊ रडत होती. "ताई, आठ दिवसांत आम्हाला घर खाली करायचंय. लहान मुलींना घेऊन आम्ही जायचं कुठं?"

"चौकात टायरच्या दुकानावरची खोली रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "मी कालच विचारून आले. वाढत्या मुलांना बरी आहे. मोकळी."

मला वाटलं होतं, आता जावेच्या डोळ्यांत काही लखलखेल. वीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो हाच. बाई पुढं झाल्या, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि दवाखान्यातलं ते वाक्य शब्दाला शब्द तिला ऐकवलं. "आठवतं?"

जावेनं डोळे पुसले. ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती. ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मग ती म्हणाली, "मी असं म्हणाले होते? कधी हो? मला नाही आठवत, ताई."

चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत पळाले. परत आले तोवर दोघं निघून गेली होती आणि बाई उभ्याच होत्या. "आठवत नाही म्हणते," त्या मला म्हणाल्या. "एवढी मोठी गोष्ट, आणि ती विसरली." इतक्या वर्षांत मला त्यांचा चेहरा प्रथमच म्हातारा दिसला.

लेक दुपारी आली. तिला घर घेतल्याचं ठाऊक होतं, कसं घेतलं ते नव्हतं. बाईंनी तिला खालची खोली दाखवली. "तुझ्यासाठी. एकही पायरी नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीय." मग मोठ्या हौसेनं त्यांनी तिला सकाळची सगळी हकिगत सांगितली. लेक शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माझ्या पायाचं भांडवल केलंस, आई."

"तुझ्यासाठीच केलं ना सगळं!"

"मला विचारलं होतंस? मी त्या चौकात वाढले. टायरवाल्या काकांनी मला सायकल शिकवली, हा असला पाय असताना. माझ्या मैत्रिणी तिथल्या, माझी प्रयोगशाळा तिथून दोन मिनिटांवर. तुला सूड घ्यायचा होता, घे. पण त्याच्यावर माझं नाव घालू नकोस."

ती चौकातल्या भाड्याच्या घरीच राहिली. रविवारी येते, जेवते आणि जाते. मुलानं फोनवर 'छान केलंस' म्हटलं आणि विषय बदलला. एकूण काय, मुलाबाळांनी भरलेल्या गल्लीतलं सगळ्यात चांगलं घर, आणि त्यात बाई एकट्या. आठ-दहा दिवस बघितलं आणि मला म्हणाल्या, "वरच्या दोन खोल्यांत तू ये. नवऱ्याला आणि पोरांना घेऊन. पेरूला हात लावायचा नाही, एवढी एक अट." आम्ही आलो. तेव्हापासून मी तिथं राहते, म्हणून पुढचंही मला ठाऊक आहे.

दिराचं बिऱ्हाड टायरच्या दुकानावर गेलं नाही. उड्डाणपुलाला खेटून एका इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांना तात्पुरती जागा मिळाली. सगळ्या नातेवाइकांत बाईंच्या नावानं खडे फोडणं सुरू झालं. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना राहून राहून डाचत होतं ते दुसरंच. "विसरली," असं त्या मधेच पुटपुटायच्या. उट्टं काढावं आणि समोरच्याला मूळ हिशेबच ठाऊक नसावा, याच्यासारखा पोपट नाही.

दीड महिन्यानं सून आली. एकटीच. दारातच म्हणाली, "मोठ्या आई, मी भांडायला आले नाही. ते तुमच्या पिढीचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, या गल्लीत दुसरं घर निघेल का? पुलाच्या आवाजानं माझी एक मुलगी दचकून उठते. दुसरी कानांवर हात ठेवूनच झोपते."

बाईंनी विचारलं, "सासूनं पाठवलं?"

"त्यांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत."

"हे बरं केलंस." बाईंनी तिला बसवलं. "अलीकडे चौथं घर सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांचं. त्यांची बदली झालीय. घर विकणार हे त्यांनी अजून दलालाला सांगितलेलं नाही. मी शब्द टाकला तर ते तुलाच देतील. पण माझी एक अट आहे."

"सांगा."

"घर तुझ्या नावावर. सासूच्या नाही, सासऱ्याच्या नाही. नवऱ्याच्याही नाही. तुझ्या एकटीच्या."

सुनेनं विचारलं, "ते ऐकतील?"

"ऐकतील. कर्ज तुझ्या पगारावर काढ, म्हणजे निम्मं काम बँकच करेल. उरलेलं त्या पुलाचा आवाज करेल. माझ्या शब्दावाचून त्यांना ही गल्ली मिळायची नाही, हे सांग. आणि हेही सांग, की अट माझी आहे. मुद्दाम सांग."

सून पहिल्यांदाच हसली. चष्म्याच्या काचा तिनं ओढणीला पुसल्या आणि म्हणाली, "मोठ्या आई, तुम्ही फार वाईट आहात."

"हो," बाई म्हणाल्या.

मला तेव्हा प्रश्न पडला, की हे चांगलं झालं की वाईट. दीर आठ दिवस तणतणला. जावेनं अन्न टाकलं. शेवटी पुतण्याच म्हणाला, की मुलींना झोप हवी, कागदावर कुणाचं का नाव असेना. कागद झाला. ती सगळी चौथ्या गल्लीत राहायला आली. जाऊ आता सुनेच्या घरात राहते आणि ते तिला कुणी विसरू देत नाही. म्हणजे सून देते, गल्ली देत नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या दारांना सांगून ठेवलं होतं, की घर सुनेचं आहे बरं का, काही काम असलं तर तिलाच विचारायचं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत. रोज सकाळी साडेसातला जाऊ दोन्ही नातींना घेऊन शाळेच्या फाटकाकडे निघते. वाट आमच्याच दारावरून जाते, दुसरी वाट नाही. बाई बरोबर सात पंचविसाला खुर्ची घेऊन अंगणात बसतात, मांडीवर चहाचा कप. जाऊ मान ताठ ठेवून सरळ बघत जाते. पोरी हात हलवतात, बाई पोरींना हात हलवतात आणि जावेकडे बघत राहतात, ती फाटकाआड जाईपर्यंत. परतीच्या वाटेला पुन्हा तेच. मग कप आत जातो आणि बाई कामावर निघतात. शाळेला सुट्ट्या लागल्या की त्यांना करमत नाही. उगाच वहाणा झाडतात, कुंड्या हलवतात, माझ्या पोरांवर ओरडतात.

गेल्या महिन्यात चार दिवस पोरींना सोडायला सूनच आली. पहिल्या दिवशी बाईंनी कपाळाला आठी घातली. दुसऱ्या दिवशी चहा तसाच निवला. तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसल्याच नाहीत, अंगणाच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी मला हाक मारून वरून खाली बोलावलं.

"तिकडे जाऊन ये जरा. मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

मी जाऊन आले. जाऊ खालच्या खोलीत पडून होती, छातीत कफ भरला होता, बोलताना धाप लागत होती. दीर नुसता गोळ्यांच्या पाकिटांशी चाळा करत बसला होता. मी तसंच बाईंना सांगितलं.

"डॉक्टर कोण बघतोय?"

"कोपऱ्यावरचाच."

"तो? त्याला सर्दी कळत नाही." बाई आत गेल्या, थैलीतून वही काढली, एक नंबर कागदावर लिहिला आणि माझ्या हातात कोंबला. "हा छातीचा मोठा डॉक्टर. माझ्या मुलाचा खोकला यानंच घालवला. आजच्या आज दाखवा म्हणावं. रिक्षा मी बोलावते."

मी अंगणाच्या फाटकापर्यंत गेले तोवर त्यांनी पुन्हा हाक मारली.

"आणि तिला सांग, इतक्यात कुठं जायचं नाही. माझं अजून झालेलं नाही."